मोठ्या दारावरची देवी

“ह्या दारातून नको गं. मागून ये. इथे फोटो चाललेत.”

शेठाणी माझ्या आईला म्हणाल्या. त्याच दाराच्या बाजूची भिंत आईने चार दिवस उन्हात बसून रंगवली होती. शेठाणींना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

२०१७ची गोष्ट. डहाणूला शेठच्या चिकूच्या वाडीतला बंगला पाहुण्यांसाठी सजत होता. दार मोठं देखणं. जुन्या गुजराती हवेलीतली नक्षीची सागवानी चौकट, वर इंग्रजांच्या काळातली कमान, रंगीत काचा. बाजूची भिंत शेणाने सारवून, गेरू लावून तयार. तिथे शेठना आमचा वारल्यांचा लग्नाचा चौक, लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, हवा होता. मधोमध देवीसकट.

आई पाड्यातली सवाशीण. लग्नघरात चौक लिहायचा मान तिचा. आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. ती म्हणाली, “लग्नाबिगर देवी नाय बसवत, शेठ.”

“भिंत माझी आहे ना? मग काढ.”

आई उठून निघालीच होती. मीच तिला बसवलं. बारावी शिकलेली, मोठी शहाणी मी! म्हटलं, “आये, चित्रच तं आहे.” त्या बोलण्याची लाज आजही जात नाही.

आईने तांदळाच्या पिठाने देवी लिहिली. लग्नात गातात तसं गाणं नाही, काही नाही. 

पाहुणे आले. चौकट कुठल्या सुताराची, काचा कुठल्या देशाच्या, शेठना सगळं तोंडपाठ. मग चौकाकडे बोट करून म्हणाले, “आणि हे आपलं लोकल डेकोरेशन.” एकाने देवीला पाठ टेकून फोटो काढला. तेवढ्यात आई त्या दाराशी आली, आणि शेठाणींनी तिला मागे पिटाळलं. ती मान खाली घालून निघाली.

माझं डोकं फिरलं. बाजूच्या बादलीत ओढणी बुचकळली आणि देवी पुसली. सगळ्यांसमोर, रडत. शेठ ओरडले, “वेडी झाली काय?” भिंतीवर नुसता लाल चिखल उरेपर्यंत मी थांबले नाही.

त्यानंतर पाड्यात लग्नं झाली, बोलावणी आली. आई उठली नाही. “देवीला मी बाजारात उभी केली. आता माझा हात नको.” भगताने समजावलं, तरी नाही. तिचा मान एकट्या शेठने घालवला नाही. मीही घालवला.

अजून पाड्यात गाड्या येतात. हॉटेलवाले, बंगलेवाले. चौक पाहिजे म्हणतात. मी वाटेतच आडवी होते. विचारते, लग्न कोणाचं? नाही ना? मग गाडी वळवा.