बिनचिठ्ठीची लॉंड्री

आमच्या मामाच्या लॉंड्रीत चाळीस वर्षांत एकाही कपड्याला चिठ्ठी लागली नाही. बाकीचे लॉंड्रीवाले कॉलरला नंबर टाचतात. मामा म्हणायचा, ती कामं विसरभोळ्यांची. झिजलेलं कोपर, उसवलेला खिसा, एवढ्यावरून तो मालक ओळखायचा, आणि मालकाचं घरी कितपत चालतं तेही. गिऱ्हाइकांना केवढं कौतुक! मी आईवेगळी, त्याच्याचकडे वाढले, म्हणून काउंटर आणि बोलणी दोन्ही माझ्या वाट्याला.

न्यूमोनियाची लस घ्या म्हणून आमच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षं मामाच्या कानीकपाळी ओरडत होत्या. पण पालथ्या घड्यावर पाणी. दिवसभर वाफेत उभा असतो मी, माझी छाती धुतलेलीच आहे, म्हणे. त्या धुतलेल्या छातीत थंडीत न्यूमोनिया भरला. बारा दिवस दवाखान्यात. तेराव्या दिवशी घरी निघता निघता त्यानं नर्सच्या चुरगळलेल्या बाह्यांवरून तिला सुनावलं, तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे.

कसलं डोंबलाचं सुटलो! महिन्याभरात मास्तरांची पँट न्हाव्याकडे गेली. न्हाव्यानं ती आठवडाभर वापरलीही, निर्लज्ज मेला. मी तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले. खोकला छातीत होता, मग डोक्याचं काय बिघडलं?

"छाती आणि डोकं एकाच माणसाचं असतं ना," त्या म्हणाल्या. उतारवयात असं मोठं दुखणं झालं की काहींचा विसराळूपणा वाढतो. सगळ्यांचा नाही. काहींना आधीच सुरुवात झालेली असते, दुखण्यानं ती उघडी पडते. मामाचं कुठवर जाईल, ते त्यांनाही सांगता येईना.

मला धडकीच भरली. ही ओळख गेली तर मामाकडे उरणार काय? इस्त्री आणि तोंड. मग तो जेवायला गेला की मी चोरून चिठ्ठ्या टाचू लागले, कॉलरच्या आतून, त्याला दिसू नयेत अशा. काउंटरवर देताना मीच त्या गुपचूप वाचायचे, त्यामुळे कपडे बिनचूक जाऊ लागले. मामा मिशीला पीळ देऊ लागला. बघ, म्हणे, बरा झालो की नाही? मी आपली हो ला हो.

काल जेवून आले तर तो माझी सुईदोऱ्याची, चिठ्ठ्यांची डबी उघडून बसलेला. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी दाराशीच थांबले. त्याच्या मांडीवर माझा निळा स्वेटर होता. त्यानंच मला घेतलेला. बराच वेळ उलटापालटा करून त्यानं तो माझ्यापुढे धरला.

"यालाही लाव एक. नंबर नको. भाची असं लिही, ठळक."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी न भांडता सुई ओवली.