लांडग्यांचं पान

पुस्तकं बांधणाऱ्या माणसाची नखं कधी स्वच्छ नसतात. खळ, डिंक, सरस यांतलं काही ना काही त्यांत अडकलेलं असतंच. या बाइंडरचं म्हणणं असं, की रविवारी प्रार्थनेला जोडलेले त्याचे हात भक्तीपेक्षा सरसामुळेच जास्त वेळ जोडलेले राहतात. स्वतःची अशी थट्टा करायला तो अलीकडेच शिकला. त्याआधी बरीच वर्षं ते काम इतर लोक त्याच्या पाठीमागे करत होते.

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे राखणदार म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं, पण त्याने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. खोट्या शिक्षकांपासून भोळ्या विश्वासणाऱ्यांना वाचवायला देवाने आपल्याला नेमलं आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाहेरचा कुणी उपदेशक आला की हा पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसे आणि कपाळाला अशा आठ्या घाली, की समोरचा बिचारा प्रभूचं नाव घेतानाही अडखळे. एकदा एक जण सर्व रोगांवर चालणारं प्रार्थनेचं तेल विकायला आला होता. राखणदाराने त्याला दारातूनच वाटेला लावलं, आणि ते अगदी योग्य केलं. घोळ झाला तो त्यानंतर. एकदा चोर पकडलेला माणूस पुढे पाहुण्यांचेही खिसे चाचपायला लागतो.

दर रविवारी उपदेशाच्या आधी तो ‘सावधगिरीचे दोन शब्द’ बोलायचा. हे दोन शब्द संपेपर्यंत बाकांवरची लहान मुलं झोपून, उठून, पुन्हा झोपलेली असायची. “फसवणारा आधी राखणदारालाच गाठतो,” हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. आता राखणदार कोण हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्या वाक्यात थोडी स्वतःची आरतीही उरकून व्हायची.

मग मंडळीत उपदेश करायला नवे पाळक आले. वयाने तरुण, बरोबर बायको आणि शाळेत जाऊ लागलेली मुलगी. प्रार्थनागृहाच्या मागच्या दोन खोल्या पाळकांना राहायला मिळत. काम सुटलं की खोल्याही सुटायच्या. बायकोने आल्या आल्या खिडकीला पडदे शिवले, मुलीचं नाव शाळेत घातलं. बऱ्याच गावांचं पाणी पिऊन झालं होतं, आता इथे टिकावं एवढीच तिची इच्छा.

पहिला महिना बरा गेला. मग एके दिवशी पाळकांनी राखणदाराला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “काका, तुमचे दोन शब्द काही दिवस राहू द्यायचे का? उपदेशापर्यंत लोक दमून जातात.”

“हो हो, त्यात काय!” राखणदार हसून म्हणाला. घरी आला, आणि ताटावरून तसाच उठला.

त्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की नवे पाळक खोटे आहेत. पुरावे भराभर हाती लागत गेले. उपदेश करताना हा माणूस हसतो. गुडघा दुखतो म्हणून खुर्चीत बसून बोलतो. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, प्रार्थना चालू असताना डोळे उघडे ठेवतो.

“तुम्हांला कसं दिसलं?” त्याच्या बायकोने विचारलं.

“म्हणजे?”

“तुमचे मिटलेले होते ना?”

राखणदाराने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. बायकांना आत्मिक गोष्टींतले बारकावे कळत नाहीत, असं त्याचं तेव्हा मत होतं. ते मत आता कुठे गेलं असं विचारलं तर तो कानाची पाळी पकडतो.

पण तो नुसत्या पुराव्यांवर विसंबणारा नव्हता. मोठा निर्णय असला की तो देवाला विचारायचा, आणि त्याची एक रीत होती. दुकानातल्या स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, प्रश्न विचारायचा, बायबल उघडायचं, आणि जे पान येईल ते देवाचं उत्तर. त्याने विचारलं, “प्रभू, हा माणूस कसा आहे?” पान उघडलं. मेंढरांच्या वेषात येणाऱ्या लांडग्यांपासून जपा, असं जिथे सांगितलं आहे नेमकं तेच! अंगावर सर्रकन काटा आला. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. पुन्हा लांडगे. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही लांडगेच. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही. देवाला तरी किती वेळा तेच तेच बोलायला लावायचं?

मग त्याने हे काहीजणांच्या कानावर घातलं. ‘कुणाला बोलू नका हं’ असं प्रत्येकाला बजावून सांगितल्यामुळे बातमी दोन दिवसांत घरोघर पोचली. मास्तरांना पाळकांचं हसणं आधीपासूनच खुपत होतं म्हणे. शिंपीणकाकूंना त्यांच्या आवाजातच काहीतरी जाणवलं होतं. शेवटी पाळकांना ठेवायचं की नाही हे ठरवायला रविवारी सभा बोलावली गेली. पाळकांची बायको रस्त्यात समोरून आली तर राखणदाराला पाहून मुलीचा हात घट्ट धरायची. त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण सत्य कडू असतं, असं म्हणून तो ते गिळायचा.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या नर्सबाई दुकानात आल्या. कापडात गुंडाळलेलं त्यांचं बायबल खिळखिळं झालं होतं.

“बांधून द्या,” त्या म्हणाल्या, “पण जपून हं. हे माझ्याशी बोलतं. कधीही उघडा, एकच स्तोत्र येतं. आमचे हे गेले तेव्हापासून. देव तेच वाच म्हणतो.”

राखणदाराला अशा भाबडेपणाची कीव आली आणि हुरूपही आला. त्याने पुस्तक कण्यावर उभं धरलं आणि दोन्ही हात सोडून दिले. पानं दोन्हीकडे पडली आणि स्तोत्र वर आलं.

“बघा. यात देवाचं काही नाही, बाई. माणूस ज्या पानावर सारखा जातो, तिथली शिवण सैल पडते, कणा तिथे मोडतो. मग पुस्तक आपसूक तिथेच उघडतं. तुम्ही रोज तिथे गेलात म्हणून ते तिथे येतं. सवय हो, सवय! दोऱ्याला कुठे आलाय साक्षात्कार? कुणी असं काही सांगायला लागलं तर फसू नका.”

बायको मागे बसून छापील कागदांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मग तुमचं लांडग्यांवर का उघडतं हो?”

 उत्तर राखणदाराला माहीत होतं, कारण ते त्याने आत्ताच दिलं होतं. वीस वर्षं प्रत्येक उपदेशकाला तपासण्यासाठी त्याने तेच पान काढलं होतं. हयातभर लोकांची पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पुस्तकाचा मोडका कणा देवाचा आवाज वाटला!

नर्सबाई गेल्यावर त्याने फळीवरून एक कोरं, कुणीही न उघडलेलं बायबल काढलं. डोळे मिटून तोच प्रश्न विचारला. देवाच्या मंडपाच्या पडद्यांची लांबी-रुंदी आली. पुन्हा विचारलं, तर कुणाचा कोण मुलगा त्याची वंशावळ आली. मग त्याने आपलं जुनं बायबल समोर ठेवलं आणि लांडग्यांच्या पानाशेजारचं पान वाचलं. भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ तिथेच होतं, लांडग्यांना खेटून. इतकी वर्षं पुस्तक धरताना त्याचा डावा अंगठा बरोबर त्या ओळींवर यायचा. पानावर सरसाचा डाग पडला होता.

“आता?” बायकोने विचारलं.

“आता काय! उद्या उठून सांगतो, मी चुकलो. गाठ मी मारली, मीच सोडवीन.”

त्याला ते सोपं वाटलं. फसल्याचं कळूनही आपण महत्त्वाचे आहोत हा भ्रम तेवढा शाबूत होता.

सभेत तो उभा राहिला. पाळक आणि त्यांची बायको कोपऱ्यात बसले होते. राखणदार म्हणाला, “देवाने मला यांच्याबद्दल काही सांगितलेलं नाही. मीच विचारलं आणि मीच उत्तर दिलं. माझे दोन शब्द यांनी बंद केले म्हणून माझा जळफळाट झाला होता. त्याला मी देवाचं नाव दिलं. यांना जाऊ देऊ नका.”

 मग मास्तर हळूच उठले.

“पाहिलंत? परवापर्यंत छातीठोकपणे सांगणारा माणूस. आज बघा.”

“फसवणारा आधी राखणदारालाच गाठतो,” शिंपीणकाकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “गाठलं हो, आमच्या राखणदाराला गाठलं!”

“अहो, मला कुणीही गाठलेलं नाही!”

“गाठलेला माणूस असंच म्हणतो. तुम्हीच शिकवलंत की,” मास्तर म्हणाले.

राखणदार बोलत राहिला. जितकं कळवळून बोलला तितके लोक त्याच्याकडे दयेने पाहू लागले. एकाने तर त्याच्यासाठी तिथेच प्रार्थना सुरू केली. वीस वर्षं त्याने या लोकांच्या मनाला एकेक कडी लावली होती, आणि काम चोख केलं होतं. आता त्याचाच आवाज आत जाईना. नर्सबाईंनी आणि त्याच्या बायकोने पाळकांच्या बाजूने हात वर केले, आणखी दोघा-तिघांनी केले. बाकीच्यांनी ठरवलं, की महिनाअखेर पाळकांनी खोल्या सोडाव्यात.

निघायच्या दिवशी राखणदार दुकानातले पुठ्ठ्याचे खोके आणि सुतळी घेऊन मागच्या खोल्यांवर गेला. पाळकांच्या बायकोने दार उघडलं.  तिने नुसतं पुस्तकांच्या फळीकडे बोट दाखवलं आणि खिडकीचे पडदे उतरवायला लागली. मुलीची शाळा अर्ध्यातच सुटली होती. ती आता मामाच्या गावी नव्या शाळेत जाणार होती. राखणदाराने पुस्तकं एकावर एक रचली, खोके बांधले. रोजच्या सवयीच्या गाठीही आज नीट बसेनात.

“माझ्यावर रागावला असाल,” तो पाळकांना म्हणाला.

“हो,” पाळक म्हणाले. “खूप. लवकर जाईल असं वाटत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “काका, निघताना प्रार्थना करायची आहे. तुम्ही करता?”

“मी? माझ्या प्रार्थनेनेच तर तुमचं घर गेलं.”

“म्हणून तर तुम्ही करा.”

राखणदाराने डोळे मिटले. “प्रभू,” तो म्हणाला, “यांच्याबद्दल मी तुझ्या नावाने खोटं बोललो.” पुढे बोलायला गेला तर रडूच आलं. मनात एकदा येऊन गेलं, की हे रडणं तरी खरं आहे ना? की इथेही कुणीतरी आपल्याला बघावं असं वाटतंय? त्याला सांगता येईना. तेव्हा त्याने प्रार्थना तिथेच थांबवली. 

“आमेन,” पाळकांची बायको म्हणाली. महिन्याभरात ती त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता. मग तिने सगळ्यात जड खोक्याची एक बाजू उचलली आणि म्हणाली, “धरा त्या बाजूने.”