पासपोर्टच्या फोटोतली तीट

माझ्या मुलीचा पहिला अधिकृत फोटो नाकारला गेला, आणि तोही तिच्या आजीने लावलेल्या काजळाच्या ठिपक्यापायी. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मी काउंटरवरच रडले होते.

नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात ती जन्मली. सिंगापूरमध्ये जन्मलं म्हणून कोणी सिंगापूरचं होत नाही. आईवडील भारतीय, म्हणून बाळही भारतीय, आणि त्याला भारताचा पासपोर्ट काढायचा. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. तरी घरी येताना टॅक्सीत ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला एकदम नवल वाटायला लागलं. जिला स्वतःची मान धरता येत नाही, तिला पासपोर्ट! जो देश तिने अजून पाहिलेलाही नाही, तो जगाला लिहून देणार, की ही आमची आहे, हिला वाट द्या. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आधी तिचं टोपडं नीट कर."

पासपोर्टची घाई होती ती पुण्यातल्या माझ्या वडिलांसाठी. बाबा जमीन मोजणी खात्यात होते. त्यांचं निम्मं आयुष्य माळरानावर, दुर्बिणीला डोळा लावून गेलं. काचबिंदूने त्यांचा एक डोळा पूर्वीच गेला होता. दुसऱ्यात मधोमध एक लहानशी खिडकी उरली होती, आणि तीही आकसत चालली होती. नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे प्रवासाला डॉक्टरांची सक्त मनाई. ही खिडकी किती दिवस उघडी राहील ते सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे बाबा इकडे येऊ शकत नव्हते आणि नातीला बघायचं तर आत्ताच.

व्हिडिओ कॉल रोज व्हायचा. मी बाळाला फोनसमोर धरायची आणि बाबा तिकडून म्हणायचे, "दिसली, दिसली! अगदी तुझ्यावर गेलीय." एकदा वहिनीने मला वेगळा फोन करून सांगितलं, "अहो, त्यांना काही सापडत नाही त्या स्क्रीनवर. काल स्क्रीनवरच्या तुमच्या पंख्याकडे बघून 'अगदी तुझ्यावर गेलीय' म्हणत होते." त्या दिवशी मी जेवले नाही. आईने विचारलं तर तिच्यावरच डाफरले. मला वाईट वाटलं की राग येतो, लहानपणापासून असंच आहे.

आई माझ्या बाळंतपणाला आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर येऊन राहिली होती, बाबांना दादा-वहिनीच्या हवाली करून. डिंकाचे लाडू, वेखंड, बाळंतशेपा आणि चांदीच्या डबीत घरी धरलेलं काजळ, असा तिचा सरंजाम होता. सकाळची अंघोळ झाली, धुरी झाली, की बाळाच्या गालावर तीट. मी युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी. मी तिला चिडवायची, "आई, आपल्या मजल्यावरच्या चिनी आजी दृष्ट लावणार आहेत का हिला?"

"परक्याची कशाला लागतेय?" आई म्हणायची. "परका एवढा बघत बसतो का? दृष्ट लागते ती आपल्याच माणसाची. जो जीव टाकून बघतो, त्याची."

मी स्वतःच तर तासन्‌तास बाळाकडे बघत बसलेली असायची. इतकी नीट कोरलेली पापणी मी आयुष्यात पाहिली नव्हती. नखं तर अशी, की ती कोणी बनवली असतील यावर विश्वास बसू नये.

फोटोसाठी बाहेर जायचं म्हटल्यावर घरात वादळ उठलं. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, असं आईचं म्हणणं. मी म्हटलं, "सव्वा महिना थांबले तर बाबांचं काय?" मग तिने बाळाला अंघोळ घातली, पावडर लावली, नवं झबलं घातलं आणि बाहेर जायचं म्हणून नेहमीपेक्षा ठसठशीत तीट लावली.

आमच्या ब्लॉकखालीच फोटोचं दुकान होतं. तिथल्या अंकलनी खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरला, बाळाला निजवलं आणि तिचे डोळे उघडायची वाट बघत शांतपणे उभे राहिले. फोटो झाला. कॉम्प्युटरवर तो मोठा करून त्यांनी गालावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि सिंगापुरी इंग्रजीत आईला म्हणाले, "आंटी, धिस वन कॅन रिमूव्ह. व्हेरी फास्ट, लाह."

आईला भाषा कळली नाही तरी बोट कळलं. तिने माझा दंडच धरला. "पुसायचं नाही हं! फोटोलासुद्धा नको. फोटो तर किती जणांच्या नजरेखालून जाणार!"

माझे टाके दुखत होते, बाळ रडायला लागलं होतं. वाद घालायचं त्राण नव्हतं. शिवाय मला वाटलं, तिळासारखी तर दिसतेय, कोणाच्या लक्षात येणार? मी अंकलना म्हटलं, राहू द्या.

पासपोर्टच्या काउंटरवरच्या बाईंच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी अर्ज चाळला, फोटो उचलून दिव्याखाली धरला आणि हिंदीत विचारलं, "बेबी के गाल पे तिल है? फॉर्म में तो लिखा नहीं."

"तिल नहीं, टीका है," मी म्हटलं. "नजर का."

"टीका तो शाम तक उतर जाएगा, मॅडम. पासपोर्ट पाँच साल चलेगा." त्या हसल्या नाहीत, पण ओठ घट्ट मिटून घेतले. मग फोटो परत माझ्यासमोर ठेवला. नवा फोटो आणा, पुन्हा वेळ घ्या.

पुन्हा वेळ! मी मोडक्यातोडक्या हिंदीत काय काय बोलले ते आठवत नाही. बाबांचा डोळा, ऑपरेशन, पंखा, सगळं एकात एक मिसळलं आणि शेवटी मी रडायलाच लागले. त्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि जवळातली जवळची वेळ शोधून दिली. फोटो तसा घेणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. घरी येताना एमआरटी मेट्रोत मला सगळ्यांचा राग येत होता. आईचा, तिटेचा, आणि सर्वांत जास्त माझ्या 'राहू द्या'चा.

घरी आल्यावर मी आईवर तोंड टाकलं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मला काय माहीत नाही का त्यांना घाई आहे ते? नवरा आहे तो माझा." मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. मी दारात जाऊन उभी राहिले तर म्हणाली, "उद्या घरीच काढू फोटो. खिडकीपाशी उजेड चांगला असतो."

दुसऱ्या दिवशी तिने अंघोळीनंतर बाळाचा गाल स्वच्छ पुसला आणि काजळाचं बोट तळपायाला टेकवलं. "इथे कोण बघतंय," ती मलाच उद्देशून म्हणाली. नवऱ्याची जुरोंग आयलंडच्या कारखान्यातली शिफ्ट दुपारची होती, तो खुर्चीवर चढून कॅमेरा धरून उभा राहिला. बाळाची मान एका बाजूला कलत होती आणि फोटोत दुसरं कोणी दिसायला नको होतं. तेव्हा आईने पांढऱ्या चादरीखालून हात सरकवला आणि खालून तिचं डोकं तळव्यात सरळ धरलं.

आम्ही वाट बघत राहिलो. बाळ झोपेत ओठ चोखत होतं. खुळखुळा नाही, टाळ्या नाहीत, आई नुसती हलक्या आवाजात गुणगुणत होती. आणि एकदम बाळाने डोळे उघडले. पूर्ण. काळेभोर, ओले डोळे, आणि ते सरळ वर बघत होते. कशाकडे बघत होती देव जाणे, तिला तेव्हा हातभरापलीकडचं काही दिसत नसणार. पण मी अशी नजर कधी पाहिली नव्हती. तिच्यात ओळख नव्हती, भीती नव्हती, मागणं नव्हतं. नवरा कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच विसरला. मी ओरडले, "काढ!" तेव्हा त्याने काढला.

त्या फोटोत बाळ एकटं दिसतं. खाली आईचा हात आहे हे आम्हा तिघांनाच ठाऊक.

मग सहीच्या चौकोनात अंगठा. मूठ घट्ट मिटलेली. एकेक बोट उलगडत गेले तर आत तळव्यावर दुलईचा धागा. अंगठ्याला शाई लावून तो मी कागदावर टेकवला आणि उचलला. मसुरीच्या डाळीएवढा ठसा उमटला होता आणि त्यात रेषा होत्या, पूर्ण गोल फिरणाऱ्या, कुठे न तुटणाऱ्या. मायक्रोस्कोपखाली मी पुष्कळ काही पाहिलं आहे. पण हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. ही आता जिथे जाईल तिथे या रेषा जाणार, आणि त्या माझ्या पोटात, अंधारात काढल्या गेल्या होत्या, मला न कळता. मी आईला दाखवायला वळले तर ती पदराने डोळे टिपत होती.

पासपोर्ट आला. चांगी विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने तो उघडला, फोटो पाहिला, मग उठून झुकून माझ्या कुशीतल्या झोपलेल्या बाळाकडे पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा बाळ. जितक्या गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं होतं तितक्याच. मग शिक्का मारला. मला त्या माणसाला वाकून नमस्कार करावासा वाटला.

आईला घेऊन पुण्यात पोचलो तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते. दादा म्हणाला, सकाळपासून तिथेच आहेत, उजेड चांगला येतो म्हणून. मला वाटलं होतं ते हात पुढे करतील, पापा घेतील. त्यांनी विचारलं, "झोपलीय का? मग हलवू नकोस. इथे माझ्या मांडीवर ठेव."

त्यांनी मान खाली घातली, अगदी जवळ नेली, आणि कपाळाच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. त्यांना एका वेळी थोडंच दिसत होतं. कपाळाचा एक तुकडा, मग पुढचा. मग भुवई. मग पापणी, तिथे ते बराच वेळ थांबले. मग नाक, गाल, ओठ, हनुवटी, आणि परत वर, कान. जमीन मोजताना माळावर असेच ते एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जात असणार. वहिनीने चहा आणला आणि तशीच कप हातात घेऊन उभी राहिली. मध्येच बाळाने डोळे उघडले, आणि बाबांचा तो उरलेला डोळा तिच्या डोळ्यांवर तसाच थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्याइतकं पूर्ण मी तिला पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी मान वर केली आणि खोलीत आईला शोधत म्हणाले, "अगं, हिच्या गालावर तीट नाही. लाव आधी."

"पायाला लावलीय," आई म्हणाली.

"पायाला नाही पुरायची," बाबा म्हणाले. "मी बघितलंय तिला आत्ता. माझी दृष्ट लागेल."

आईने पिशवीतून चांदीची डबी काढली. तिने बाळाच्या गालावर तीट जरा मोठीच लावली.