शनिवारची मिठी

शेजारच्या बालवाडीच्या बाई दर शनिवारी मुलांची आगगाडी करून माझ्या दारातल्या कडुलिंबापाशी आणायच्या. खेळ ठरलेला. बाई ओरडायच्या, “झाड आपलं कोण?” मुलं “दादा!” म्हणत सुटायची आणि खोडाला मिठ्या मारायची. कुणी पान तोडलं तर त्याला हात जोडून झाडाची माफी मागावी लागे. जोडलेले हात नीट जुळलेत का, हे बाई स्वतः तपासायच्या. अख्ख्या मुखेडात असं कुणी शिकवत नाही, हेही मला ऐकवायच्या. मला तर भरून यायचं.

परवा बाई एकट्याच आल्या.

“भाऊ, तुमच्या झाडाचा पाला लई पडून राहिला आमच्या अंगणात. तोडून टाका की.”

“आणि शनिवारचा खेळ?”

बाईंनी खोडावर मुलांच्या उंचीला हात टेकवला.

“इथवर राहू द्या. मिठीपुरतं लई झालं.”