तारणाची तारीख

"तारीख सांगा," ते म्हणाले.

देवळामागच्या हॉलमध्ये आम्ही वीस-बावीस जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. रविवारची उपासना सुटली की तिथे 'तारणाची खात्री' नावाचा वर्ग भरायचा. शिकवायचे ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणत्या दिवशी झालं. लोक धडाधड सांगत होते. कोणाचा नवा जन्म कन्व्हेन्शनच्या प्रार्थनासभेत झाला होता, कोणाचा दवाखान्यात. एका बाईंनी तर वेळही सांगितली, संध्याकाळी साडेसात. माझी पाळी आली आणि मला तारीख सांगता येईना.

मी खरं ते बोलले. "साहेब, तारीख नाही माहीत. कळायला लागल्यापासून येशूला मानते. पण नवरा गेल्यापासून कधी कधी वाटतं, तो ऐकतो का? मी त्याची आहे का?"

नवरा रिक्षा चालवायचा. किडन्या गेल्या. अडीच वर्षं डायलिसिस. मी उपास केले, गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केल्या, आणि तो गेला. वर्गाचं नावच खात्री. मला वाटलं, शंका इथे नाही विचारायची तर कुठे विचारायची? मूर्ख होते मी.

पंचसाहेब हसले. मग सगळ्यांकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. "शंका येते, याचा अर्थ तारण झालेलंच नाही. या लोकांचं हे असंच असतं. आजोबांनी दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी बाप्तिस्मा घेतला. आमच्या पणजोबांनी जानवं काढून घेतला. फरक राहणारच." आणि शेवटी माझ्याकडे वळून, "तारण नसताना प्रभुभोजन घेणं पाप आहे. खात्री होईपर्यंत तू घेऊ नकोस."

देवळात ते मला तुम्ही म्हणायचे. घरी तू. त्या दिवशी देवळातही तू झालं.

घरी म्हणजे त्यांच्या घरी. मी त्यांच्याकडेच कामाला होते. मुलुंडला, एकोणिसाव्या मजल्यावर, त्यांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला सांभाळायला. आंघोळ, औषधं, भरवणं, फिरवणं. आजींचं अंग मी रोज धुवायचे, ते चालायचं. माझा चहाचा कप मात्र गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर. माझे आजोबा नगरकडचे, महार. धान्यासाठी बाप्तिस्मा घेतला असेल तर असेल. भूक लागली होती आणि ज्याने खायला घातलं त्याला देव म्हटलं, यात लाजायचं काय ते मला अजून कळलेलं नाही. जानवं यांच्या पणजोबांनी काढलं, पण ते यांच्या मनातून निघालेलं नाही.

हे सगळं आज बोलते. तेव्हा नाही. मी खाली बसले. नुसती बसले नाही, त्यांचं खरं मानलं. त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ठेवलेलं ताट बाकाबाकांवरून फिरतं, मागून द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे येतो. आमच्या बाकाशी पंचसाहेब स्वतः ताट घेऊन आले. माझ्या शेजारच्या बाईंना दिलं, ताट उचललं, माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे नेलं आणि माझ्या मुलीपुढे धरलं. ती एकोणीस वर्षांची. तिने हात मागे घेतला. भांडुपला डोंगरावर आमची खोली आहे. पायऱ्या चढताना ती म्हणाली, "मम्मी, मी आता येणार नाही. त्यांचा देव त्यांच्याकडेच राहू दे."

तिला काय सांगणार? मलाच माझा पत्ता नव्हता. तीन महिने ताट असंच माझ्यावरून गेलं. मी मान खाली घालून बसायचे आणि मनात पापं आठवायचे. नवऱ्यावर ओरडले होते ते. एकदा आईला पैसे नाही म्हटलं होतं ते. कुठल्या पापामुळे देवाने मला बाहेर ठेवलं असेल, याचा शोध घ्यायचे. बाहेर कोणी ठेवलं होतं ते समोर दिसत होतं, तरी.

मग एका दुपारी आजींना बाथरूममधून पलंगाकडे आणत होते. घरात आम्ही दोघीच. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या.

"मला घेईल का गं तो?"

"कोण, आजी?"

"प्रभू. पाठ केलेलं सगळं विसरले. प्रार्थनेला बसले की मन भलतीकडेच जातं. भीती वाटते गं. मुलाला सांगू नकोस. तो मलाही वर्गात बसवेल."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आजींनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची बोटं थरथरतात, दोन पावलांवर सुटतात. त्यांना वाटतं, आपण हिला धरून चालतो. खरं तर माझा हात त्यांच्या काखेत असतो. या कामात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पेशंटच्या पकडीवर जायचं नाही, आपण धरायचं.

"आजी, तुमचा हात रोज सुटतो. पडलात का कधी?"

"नाही."

"का नाही पडलात?"

"तू धरतेस म्हणून."

"मग तो काय माझ्यापेक्षा कच्चा आहे?"

आजी रडल्या. मी त्यांना पलंगावर बसवलं, पाय कोरडे केले, पांघरूण घातलं. आणि गॅलरीत येऊन उभी राहिले. आनंद वगैरे झाला नाही. राग आला. जे मी या म्हातारीला एका मिनिटात देऊ शकले, त्यासाठी मी तीन महिने तिच्या मुलाच्या तोंडाकडे बघत होते. नवरा का गेला याचं उत्तर मला तेव्हाही मिळालं नाही, आजही नाही. ते मी देवाला विचारत राहणार. पण प्रश्न विचारला म्हणून त्याने हात सोडला, हे मला सांगणारा माणूस कोण?

पुढच्या प्रभुभोजनाला मी पहिल्या बाकावर बसले. पंचसाहेब ताट घेऊन आले, वाकले, हळू आवाजात म्हणाले, "तुझं अजून ठरलेलं नाही."

"ते ठरवणारे तुम्ही नाही," मी म्हटलं. हळू नाही म्हटलं.

त्यांनी ताट मागे ओढलं. मी ताटाची कड धरली. मागच्या बाकांपर्यंत सगळे बघत होते. आमचे पाद्री, पाळकसाहेब, गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागले. मी भाकरीचा तुकडा उचलला, तोंडात घातला आणि मग ताट सोडलं.

त्याच संध्याकाळी पंचसाहेबांचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. त्यांच्याकडे आता दुसरी बाई आहे. ती मला बाजारात भेटली. म्हणाली, आजी दुपारी तुमचंच नाव घेतात. मी एकदा गेले होते. वॉचमनने गेटवरच अडवलं. वर जाऊ द्यायचं नाही असं त्याला सांगून ठेवलंय. आजींसाठी जीव तुटतो, आणि करता काहीच येत नाही.

आठवड्याने पंच कमिटीचं पत्र आलं. मी मंडळीची शांती भंग केली. लेखी माफी द्यावी, नाहीतर नाव कमी करण्यात येईल. शेजारची मावशी म्हणाली, "दे ना लिहून दोन ओळी. कशाला वाकड्यात शिरतेस?"

माझं अक्षर बरं नाही, म्हणून मुलीला लिहायला बसवलं. ती देवळात परत आलेली नाही. येईल की नाही, माहीत नाही. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.

मी माफी मागणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन आणि पहिल्या बाकावर बसेन. ताट माझ्यापुढून नेलंत तर उठून त्याच्यामागे येईन. शंका आली तर वर्गात उभी राहून विचारेन. तुमच्या वहीतलं नाव तुम्हाला खोडायचं असेल तर खोडा. मला तुम्ही आत घेतलं नव्हतं, तेव्हा तुम्ही बाहेरही काढू शकत नाही.

मुलीने पेन थांबवलं. "खाली 'आपली नम्र' लिहू?"

"नको," मी म्हटलं. "इकडे दे. नुसती सही करते."