गुडघाभर पाणी

लुनेद प्यू कशाकशाला भ्यायची ते मला तोंडपाठ आहे. पोस्टाच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं बसले आणि तिची निम्मी भीती तिने माझ्याच खिडकीत आणून ओतली. बदकांना ती भ्यायची. पाद्रीबाबांच्या बायकोला भ्यायची. इंग्लंडातून येणाऱ्या पाहुण्यांच्या तक्रारींना तर इतकी, की एकाने इंटरनेटवर 'पलंग करकरतो' असं लिहिलं तेव्हा आठवडाभर ती रोज वेगळ्या पलंगावर झोपून कान लावत होती. आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती नदीला. लहानपणी तिचा मामेभाऊ तिच्या डोळ्यांदेखत पुरात गेला होता. पुढे नशिबाने तिला नदीकाठच्या घरात लग्न करून आणलं, मासे धरायला येणाऱ्यांना खोल्या देणं हाच घरचा धंदा, आणि चाळीस वर्षांत बाईने पाण्यात पायाचा अंगठा बुडवला नव्हता.

तिचा नवरा तिदिर होता तोवर हे चालून गेलं. पाणी त्याचं, स्वयंपाकघर हिचं. पाहुणा आला की पहिल्या संध्याकाळी त्याला टेबलाशी बसवायचं, मटण-बटाट्याचा रस्सा वाढायचा आणि मग तिदिरने नदी सांगायची. रस्सा खाल्ल्याशिवाय कुणी गळ टाकायचा नाही, अशी वेल्समधल्या आमच्या खोऱ्यातली रीत आहे. कुठल्याही घरी जा, हेच. नदीबद्दलचा इशारा पाटीवर लिहून लावणं आम्हाला कमीपणाचं वाटतं. वरच्या गावात एकाने लावली होती, तर लोक म्हणाले, याच्या घरची चूल विझली वाटतं, पाहुण्याला जेवायला बसवून चार शब्द सांगता येत नाहीत?

तिदिरचं सांगणं ठरलेलं होतं. डोहात एक मोठा दगड आहे, त्याला आम्ही डुकरीण म्हणतो. "डुकरिणीची पाठ दिसतेय तोवर खुशाल पाण्यात उतरा. नुसते कान दिसले की काठावर उभे राहा. कानही बुडाले की घरी या, लुनेद चहा देईल." मग तो बोटाने टेबलावर रेघ ओढून दाखवायचा. "आणि अडकलातच, तर सरळ काठाकडे येऊ नका. मध्ये खड्डा आहे. दगडापासून तिरपे खाली चाला, त्या अॅशच्या झाडाकडे. तिथपर्यंत रेतीचा बांध आहे." लुनेद रस्सा वाढत हे ऐकायची. पाचशे वेळा तरी ऐकलं असेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिदिर अंगणात लाकडं फोडता फोडता गेला. त्याच्या ओळखीचे जुने पाहुणे हळूहळू यायचे थांबले, चारही खोल्या रिकाम्या पडल्या. तेव्हा मी म्हटलं, "अगं, आता लोक पत्र लिहून विचारत नाहीत. वेबसाइट बघतात आणि घर कसं आहे ते तिथल्या तिथे ठरवून टाकतात. उशा किती, नाश्त्याला अंडी किती, बघून मोकळे."

"आणि नापसंत केलं तर?"

"तर तुला कळणारसुद्धा नाही. ते काय वाईट?"

वेबसाइट मीच बनवली. आमच्या खोऱ्यात कॉम्प्युटर येणारी बाई म्हणजे मी, त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता. फोटो तिने दिला. एका कोरड्या उन्हाळ्यातला, डुकरिणीशेजारी तिदिर उभा, पाणी गुडघ्याला, चेहऱ्यावर ऊन. त्याचा हसरा असा तेवढा एकच फोटो तिच्याकडे होता.

मी विचारलं, "नदीबद्दल काही लिहू का?"

"नको गं बाई! बुडाल, वाहून जाल, असं वाचून कोण येईल? जेवताना सांगीन मी."

मग मी फोटोखाली आपल्या मनाने लिहिलं, 'वेल्सच्या डोंगरकुशीत गुडघाभर संथ पाण्यात निवांत मासेमारी.' हे शब्द माझे आहेत. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मला मारायचे नाहीत.

मायरिगने ते पाहिलं तेव्हा तो पोस्टात आला होता पेन्शनला. जन्मभर पाहुण्यांना नदीवर नेऊन मासे दाखवले म्हणून त्याला सगळे मायरिग नदी म्हणतात. ऐंशीला टेकलाय, पण जीभ तिखट.

"मेना, तुझ्या कॉम्प्युटरात नदी बारा महिने आटलेली असते का गं?"

"फोटो छान आहे, काका."

"फोटो छानच आहे. माझा विसाव्या वर्षाचा फोटोही छान आहे. तो बघून कुणी माझ्याशी लग्न करायला आली तर जबाबदारी कुणाची?"

आम्ही हसलो. लुनेद तिकिटं घ्यायला आली होती, तीही हसली, पण घरी जाताना मला दोनदा विचारून गेली, की फोटो वेबसाइटवरून काढून टाकावा लागणार नाही ना.

मे महिन्यात सिरिल पार्टन नावाच्या गृहस्थाने खोली घेतली. वुल्व्हरहॅम्प्टनचे, कुलपं बनवण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे बारा प्रश्न आले आणि बाराही प्रश्नांनी लुनेदची झोप उडवली. गादी कडक की मऊ, हे विचारल्यावर तर ती रडकुंडीला आली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, की तेवीस घरं पाहिली, तुमचं पसंत पडलं, गुरुवारी संध्याकाळी सहाला पोहोचतो.

त्या गुरुवारी आमच्याकडे लख्ख ऊन होतं. तीन वाजता मायरिगने नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गिरणीवरून तिला फोन केला. हे मला तिने नंतर सांगितलं.

"लुनेद, वर डोंगरात सकाळभर ओतलंय. इथे पाणी चहासारखं लाल झालंय, ओंडके येतायत. तुझा पाहुणा आलाय का?"

"नाही, सहाला येणार."

"बरं. आला की बसवून ठेव. पाणी दहा-पंधरा मिनिटांत तुमच्याकडे पोहोचेल."

फोन ठेवून ती अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे आणायला गेली, आणि तिथे एक हिरवी गाडी उभी होती. मागचं दार उघडं. आत बॅग होती, जोडे होते, गळाची रिकामी पिशवी होती. माणूस नव्हता. वेबसाइटवर मी वाट इतकी व्यवस्थित सांगितली होती, कुठलं फाटक, कुठली पायवाट, की त्यांना कुणाला काही विचारायची गरजच पडली नव्हती.

मी पोस्टाच्या खिडकीतून पाहिलं तर लुनेद रस्त्याने पळत येत होती. एप्रन तसाच, पायात घरातल्या सपाता. लुनेदला पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मेना, तो खाली आहे. तो नदीत आहे. त्याने रस्सा खाल्ला नाही!"

दुसऱ्या कुणाला हे वाक्य ऐकून हसू आलं असतं. मी खिडकी उघडी टाकून तिच्यामागे धावले. पायवाटेवर माझा श्वास फुलला, कोपऱ्यावर पडले, गुडघा फुटला, ते कळलंच नाही. डोक्यात एकच चाललं होतं, गुडघाभर, गुडघाभर, हे कुणी लिहिलं.

पार्टनसाहेब बरोबर तिदिरच्या जागी उभे होते. छातीपर्यंतची रबरी विजार, नवी कोरी टोपी, हातात गळाची काठी, पाठ वरून येणाऱ्या पाण्याकडे. चेहरा आनंदाने फुललेला. पाणी त्यांच्या मांड्यांच्या वर गेलं होतं. डुकरिणीची पाठ बुडाली होती, कान तेवढे दिसत होते.

"बाहेर या! बाहेर या!" लुनेद ओरडली. घाबरली की तिला इंग्रजी सुचत नसे. ती आमच्या वेल्श भाषेत ओरडत होती आणि पाण्याचा आवाज एवढा, की ती कुठल्याही भाषेत ओरडली असती तरी तेच. साहेबांनी हात हलवला. फार चांगली जागा आहे, अशा अर्थाने अंगठा वर केला.

मग वरून एक ओंडका आला. त्यांच्या कोपराला घासून गेला आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला तो मला अजून दिसतो. त्यांनी काठी सोडून दिली आणि सरळ आमच्याकडे, काठाकडे, पहिलं पाऊल टाकलं.

"खड्डा!" मी किंचाळले. "लुनेद, खड्डा!"

शेजारी लुनेद नव्हती. ती काठाने खाली पळाली होती, अॅशच्या झाडापाशी. एका हाताने तिने फांदी धरली, मग ती सोडली आणि पाण्यात शिरली. एप्रनसकट. मला वाटलं, आता दोघंही जाणार. मला हलता येईना. खोटं कशाला सांगू, मी तिथे उभी राहून नुसती देवाचं नाव घेत होते, आणि एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

ती तिरपी वर चालत होती, पाय घासत, बांध चाचपत. आधी गुडघे, मग कंबर, मग बरगड्या. तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होती. नंतर कळलं, ती तिदिरचंच बोलणं म्हणत होती, दगडापासून तिरपे, झाडाकडे, तिरपे, झाडाकडे. पार्टनसाहेब छातीपर्यंत गेले होते, टोपी वाहून गेली होती. ती दिसल्यावर ते थांबले. तिने हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने खाली, झाडाकडे, दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि तिच्याकडे वळले.

हाताला हात लागला तेव्हा डुकरिणीचे कान दिसेनासे झाले होते. तेवढ्यात मायरिग आपल्या चारचाकी फटफटीवरून शेतातून धडधडत आला. त्याने गाडीवरचा दोर झाडाला बांधून त्यांच्याकडे फेकला, शेवटची पाच-सहा पावलं त्या दोरावर निघाली. मीही ओढला. तेवढं तरी केलं.

स्वयंपाकघरात चुलीजवळ साहेबांना दोन घोंगड्यांत गुंडाळून बसवलं. दातावर दात वाजत होते. लुनेदने स्वतः कपडे बदलले नव्हते, ती रस्सा गरम करत होती. तिच्या पायांखाली फरशीवर पाणी साचलं होतं.

मायरिगला राहवेना. "साहेब, तुम्ही नदी बघून उतरलात की फोटो बघून?"

"फोटो बघून," ते म्हणाले. माणूस सरळ होता. "ऊन होतं, पाणीही अगदी फोटोतल्यासारखंच दिसलं. मग ते कधी वाढलं ते कळलंच नाही." त्यांनी लुनेदकडे पाहिलं. "मॅडम, रागावून विचारत नाही. पण हे कुठे लिहिलेलं का नव्हतं?"

मी तोंड उघडलं, पण लुनेद आधी बोलली. आता तिला इंग्रजी सुचत होतं. "लिहिलं तर तुम्ही येणार नाही, अशी मला भीती वाटली."

साहेबांनी घोंगडी खांद्यांवर ओढून घेतली.

"खरं आहे. नसतोच आलो," ते म्हणाले. "तेवीस घरं मी उगाच नव्हती पाहिली. बाकी सगळीकडे पाणी खोल वाटलं. इथे तेवढं गुडघाभर होतं. माझी मुलगी शनिवारी नातीला घेऊन येतेय. पहिला मासा तिला मी धरायला शिकवणार, कबूल केलंय. म्हणून म्हटलं आज लवकर निघावं, तिला उभं करायची जागा नीट बघून ठेवावी."

लुनेदच्या हातातली पळी थांबली. "केवढी आहे?"

"सात वर्षांची."

"केवढी उंच?"

साहेबांनी घोंगडीतून हात बाहेर काढला आणि जमिनीपासून वर धरला. लुनेद समोरच उभी होती. तिच्या कपड्यांवर पाण्याची ओली रेघ बरगड्यांपर्यंत होती. त्यांचा हात त्या रेघेच्या खाली होता. आम्ही चौघांनीही ते पाहिलं, आणि साहेबांनी हात खाली घ्यायला फार वेळ लावला.

"तुमच्या मुलीचा नंबर सांगा," लुनेद म्हणाली.

"मी करतो ना फोन, जरा सावरतो आणि..."

"नाही. घर माझं आहे. मी सांगणार."

नंबर मी फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. ती जिन्याजवळ उभी राहून बोलली. मी लुनेद प्यू, तुमचे वडील ठीक आहेत, माझ्या स्वयंपाकघरात बसलेत. आमच्या वेबसाइटवर जे पाणी दिसतं ते खरं नाही. वडील आज थोडक्यात वाचले. आमच्या भरवशावर मुलीला आणू नका. हे मी आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, चूक माझी आहे. सगळं तिने एका दमात सांगितलं आणि थांबली.

पलीकडून त्या बाईचा हुंदका मलाही ऐकू आला, आणि तिच्या मागून, लांबून, एका लहान मुलीचा आवाज.

"आई, आजोबांना मासा मिळाला का?"

लुनेदने माझ्याकडे पाहिलं. रिसीव्हर माझ्या हातात कोंबून ती मटकन पायरीवर बसली, आणि तोंडात एप्रनचा बोळा धरून रडायला लागली.