गाऱ्हाण्यातला होकार

आमच्या कोकणातल्या गावात शिमग्याला देवळात गाऱ्हाणं घालतात. गुरव मोठ्यानं देवाला सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. "कोणी दुसऱ्याची जमीन लुबाडली असेल, तर न्याय कर," असं तो म्हणाला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज बाबुरावांचा होता. विधवा भावजयीची, म्हणजे आमच्या सुमतीवहिनींची काजूबाग त्यांनी कुंपण घालून बळकावली आहे. देवळाच्या नव्या फरशीवर नावही त्यांचंच आहे.

बाहेर आल्यावर मी वहिनींना म्हटलं, "बघितलंत? देव काय करतो यांचं?"

"कोर्टात भावजी नाय म्हणतत," वहिनी चपला शोधत म्हणाल्या. "हयसर देवासमोर व्हय म्हटल्यानी. आता ता देव आणि ते बघतीत."

देवाचा न्याय कधी होतो, मला ठाऊक नाही. मी वकील बदलायला सांगणारी बाई. वहिनी तारखांना जातात, पण निकालासाठी झोप घालवत नाहीत.

वाटेत कुंपणाशी त्या थांबल्या. तारेतून हात घालून खाली पडलेला एक काजू उचलला आणि पुसून मला दिला.

"घे," म्हणाल्या, "आमच्या बागेतलो."